रिपोर्ट नॉर्मल, बोटं मात्र आखडलेली

'आरए फॅक्टर निगेटिव्ह आहे, तुम्हाला वात नाही.' तालुक्याच्या लॅबमध्ये कागद हातात देतानाच हा निकाल सुनावला जातो. तो देण्याचा अधिकार त्या कागदाला नाही. आमवाताच्या, म्हणजे आरएच्या, शंभर रुग्णांपैकी वीस-तीस जणांत हा फॅक्टर सापडतच नाही. उलट कुष्ठरोगात, क्षयात, कधी उतारवयात काहीही झालेलं नसताना तो पॉझिटिव्ह येतो. कुष्ठरुग्णांचं आनंदवन ज्या चंद्रपूर जिल्ह्यात उभं राहिलं, तिथल्या डॉक्टरांना खरं तर हे सांगायला लागू नये.

चंद्रपूर-गडचिरोलीत गुंता जास्तच. चिकनगुनियाचा ताप उतरला तरी सांधे महिनोन्‌महिने दुखत राहतात. सिकलसेलमध्ये हाडांतून कळा येतात, आणि त्यात आणखी एक मेख आहे. सूज ओळखायची स्वस्त चाचणी म्हणजे ईएसआर. नळीत रक्त उभं ठेवायचं, तासाभरात लाल पेशी किती खाली बसल्या ते मोजायचं. नाण्यांच्या चळतीसारख्या पेशी एकावर एक चिकटल्या की भराभर बसतात. कोयत्याच्या आकाराच्या पेशींची चळत लागत नाही, त्यामुळे सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगात सूज असूनही आकडा कमी येऊ शकतो. इतर रक्तक्षयात नेमकं उलटं: सूज नसतानाही तो चढतो. मग त्या आकड्यावर विसंबायचं कसं?

अमेरिका आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० साली आमवाताचे निकष ठरवले. १० पैकी ६ गुण लागतात. रक्तातल्या अँटिबॉडींना फार तर ३. सांध्यांना मात्र ५ पर्यंत. दहाहून अधिक सांधे धरले असतील, त्यात एक तरी लहान असेल, आणि दुखणं सहा आठवड्यांचं असेल, तर रक्ताचा थेंब न काढता सहा गुण भरतात. अटी दोनच: निदान एक सांधा तपासताना सुजलेला आढळावा, आणि दुसरा कुठला आजार त्यामागे नसावा. सांधे दाबून मोजायला मशीन लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते होतं, फक्त पेशंटमागे पाच-दहा मिनिटं हवीत.

ती मिनिटंच मिळत नाहीत. रोवणीच्या दिवसांत आलेल्या बाईला 'काम जास्त झालं' म्हणून दुखण्याची गोळी मिळते, फार तर स्टेरॉइडचं इंजेक्शन. सूज उतरते, आजार आत चालूच राहतो. गडचिरोलीतल्या भामरागडहून निघून मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत दाखवायला काही उरत नाही.

म्हणून सांगतो, बोटं सुजली की त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा, तारखेसह. सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो तेही लिहून ठेवा. आणि डॉक्टरांनी नुसता कागद पाहिला, तर हात पुढे करून म्हणा, आधी हे बघा.