आपला आजा साच्यावर नव्हता!



मागील हिवाळ्यात श्रूजबरीतील एका घरगुती मेळाव्यात आपल्याच एका तरुणाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने रचलेला लघुपट दाखविला. मुंबईची गिरणी, पार्श्वभूमीला कविता आणि साच्यावर कापड विणणारा आपला आजा! टाळ्यांचा कडकडाट झाला. माझे हात मात्र उचलले गेले नाहीत. ते चित्र जितके सुंदर, तितकेच असत्य होते.

आपला आजा साच्यावर नव्हता. त्याला तेथे उभेच राहू दिले गेले नाही. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या ओठांनी धोटा बाटेल, म्हणून सवर्ण विणकरांनी साचेखात्याचे दार त्याला बंद केले. अधिक मजुरी त्याच खात्यात होती; आपल्या वाट्याला रिंग खाते आले. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला.

वैद्य या नात्याने आणखी एक गोष्ट सांगतो. अनेकांच्या तोंडी लागणारा धोटा क्षयासारखे रोग पसरवील, ही भीती जगभर होती. आपण राहतो त्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच ही रीत कायद्याने बंद केली. येथे भय रोगजंतूंचे होते. मुंबईत भय होते ते माणसाचे!

यंत्राला हे कोठून कळावे? जे पूर्वी लिहिले गेले, चितारले गेले, त्याच्याच साच्यातून ते नवे चित्र काढते. गिरणी कामगार म्हटला की ते त्याला मागापाशी उभा करते. ज्यांना बाहेर ठेवले त्यांना ते विनासायास आत नेते आणि अस्पृश्यतेचा पुरावाच पुसून टाकते. याला गौरव म्हणावे काय?

प्रयोगाला माझा विरोध नाही. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००१ साली ‘साचा’ हा माहितीपट केला. त्यात नारायण सुर्वे यांची कविता आहे, सुधीर पटवर्धन यांची चित्रे आहेत आणि गिरणगावही आहे. पण तेथे चित्र हे चित्र म्हणूनच समोर येते, छायाचित्राचा वेष घेत नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जणांचे बळी गेले. त्यानंतर आनंद पटवर्धन यांनी ‘जय भीम कॉम्रेड’साठी १४ वर्षे वेचली. माणसे गाठली, गाणी ऐकली, साक्षी नोंदविल्या. या श्रमाला एका रात्रीत निघालेले चित्र पर्याय कसे ठरेल?

क्ष-किरण चित्रात जे दिसत नाही, ते डॉक्टरने कुंचल्याने रंगवायचे नसते. तसे केल्यास रोगी दगावतो. इतिहासाचेही तेच आहे.

म्हणून तरुणांना माझे आवाहन आहे. सहा महिन्यांसाठी भारतातून येणाऱ्या आपल्या आजी-आजोबांपुढे ध्वनिमुद्रक ठेवा. कोणत्या खात्यात काम केले, पाण्याचा माठ वेगळा होता काय, हे विचारा. यंत्राने काढलेले चित्र वापरलेच, तर पडद्यावर तसे स्पष्ट लिहा. आणि साच्यापाशी आपल्या आजाची जागा रिकामीच दाखवा. ती रिकामी जागा हीच आपली साक्ष आहे.

जयभीम!