होम थिएटरची खरेदी आणि वॅटची खळ

आमच्या एका कारखानदार स्नेह्यांनी दोन वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नाच्या आधी बैठकीची खोली नव्याने सजवली. रंग झाला, सोफा आला, ५५ इंची टीव्ही आला आणि मुलांच्या आग्रहावरून सात स्पीकर, एक सबवूफर आणि एक रिसीव्हर असा होम थिएटरचा संच हप्त्यांवर आला. पाहुणे जमले, पडद्यावर मोटारी आदळल्या, खिडकीच्या काचा थरथरल्या, मुले खूश झाली. अब्बा मात्र पंधरा मिनिटांत उठून आपल्या खोलीत गेले. त्यांनी ४० वर्षे यंत्रमागावर काढलेली. मुलाने विचारले तेव्हा म्हणाले, "आवाज येतो रे, शब्द येत नाहीत."

मुलांनी दुकानदाराला बोलावले. त्याने याहून मोठ्या वॅटचा रिसीव्हर घ्या, असा सल्ला दिला. त्या सल्ल्यावर आणखी पैसे जाण्याच्या बेतात असताना गोष्ट माझ्या कानावर आली. मी कापडाचा व्यापारी, आवाजाच्या धंद्याशी माझा संबंध नाही. पण गाणे ऐकण्याचा षोक जुना आहे आणि त्यापायी मी स्वतः दोनदा चुकीची खरेदी केलेली आहे. शिवाय या धंद्यातली विकण्याची रीत आमच्या बाजारातल्या रीतीशी इतकी जुळते, की आपल्या वाचकांनी ती समजून घ्यावी असे वाटते.

प्रथम वॅटचे पाहू. हलक्या कापडाला भरपूर खळ दिली की ताका हाताला भारी लागतो. गिऱ्हाईक खूश होऊन जातो आणि पहिल्या धुण्यात त्याच्या हाती चिंधी राहते. वॅटच्या आकड्यांचे तसेच आहे. १९९० च्या दशकात टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवर "पीएमपीओ" नावाचा आकडा छापलेला असे, हजार, दोन हजार वॅट. प्रत्यक्षात त्या पेटीतून सतत मिळणारी शक्ती पाच-दहा वॅटची असे. पीएमपीओ मोजण्याचे कोणतेही ठरलेले माप नव्हते. आजही स्वस्त संचांच्या खोक्यावर चार आकडी वॅट छापतात आणि मागच्या पट्टीवर वीज किती खाते तो आकडा पाहावा तर पन्नास-साठ वॅट. जो माल साठ वॅट घेतो तो सतत हजार वॅट कुठून देणार?

नामवंत कंपन्यांच्या रिसीव्हरमध्ये खळ कमी असते, पण असते. एकाच रिसीव्हरच्या माहितीपत्रकात एका ठिकाणी "८० वॅट" लिहिलेले असते आणि खोक्यावर "१४० वॅट". दोन्ही खरे. ८० चा आकडा ८ ओहमच्या स्पीकरवर, २० ते २०,००० हर्ट्झ अशा पूर्ण पन्ह्यात, दोन चॅनेल चालू ठेवून आणि नगण्य विकृतीवर मोजलेला असतो. १४० चा आकडा ६ ओहमवर, एकाच १,००० हर्ट्झच्या सुरावर, एकच चॅनेल चालवून आणि १० टक्के विकृती सोसून काढलेला. १० टक्के विकृती म्हणजे आवाज फाटलेला. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९७४ मध्येच या आकड्यांसाठी नियम केला आणि २०२४ मध्ये तो सुधारून ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ आणि १ टक्क्याच्या आत विकृती हे माप बांधून दिले. तुलना करायची तर याच मापाने करावी, मग १४० आणि ८० मधला गोंधळ आपोआप मिटतो.

त्यातही एक हिशोब बहुतेकांना माहीत नसतो. वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने चढतो. हा फरक कानाला कळतो इतकेच. आवाज दुप्पट झाला असे वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. म्हणजे ८० च्या जागी १०० वॅटचा रिसीव्हर घेऊन हाती काही येत नाही. त्याऐवजी स्पीकरची संवेदनशीलता पाहावी. हा आकडा ८५, ८८, ९१ डेसिबल असा दिलेला असतो. ८८ चा स्पीकर जेवढा आवाज ५० वॅटमध्ये देतो, तेवढ्यासाठी ८५ च्या स्पीकरला १०० वॅट लागतात. दहा बाय बाराच्या खोलीत घरगुती आवाजात एरवी दोन-चार वॅटच खर्च होतात, बाकीचे धमाक्याच्या क्षणापुरते.

आता अब्बांच्या शब्दांकडे येतो, कारण माझ्या मते सगळी खरेदी तिथूनच सुरू व्हायला हवी होती. यंत्रमागाच्या शेडमध्ये गोंगाट बहुधा ९० डेसिबलच्या वर असतो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० ही मर्यादा आहे, पण आपल्याकडे पाळी बारा तासांची आणि कानात कापसाचा बोळासुद्धा नाही. अशा गोंगाटाने कान एकदम जात नाही. आधी ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या आसपासचे सूर मंद होतात आणि नेमके याच भागात स, श, ट, थ, फ या व्यंजनांची ओळख असते. स्वरांचा घुमार खालच्या सुरांत असतो, तो ऐकू येतो. म्हणून माणूस म्हणतो, आवाज येतो पण शब्द येत नाहीत. अशा कानाला सबवूफरचा धक्का वाढवून दिला तर शब्द आणखी बुडतात. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीकडे असे कान किती घरांत असतील याचा वाचकांनीच विचार करावा. कानाची तपासणी आधी करून घ्यावी हे सांगायला नको. स्पीकर हा कानाचा इलाज नव्हे.

सिनेमातले बोलणे बहुतेक सगळे मधल्या स्पीकरमधून येते, ज्याला सेंटर म्हणतात. स्वस्त संचात हाच स्पीकर सर्वांत हलका असतो. वर तो शोकेसच्या कप्प्यात, फुलदाणीच्या मागे कोंबलेला असतो किंवा टीव्हीच्या खाली गुडघ्याच्या उंचीवर पडलेला असतो. माझे स्पष्ट मत आहे की पैसे मोजके असतील तर मागचे स्पीकर आज घेऊच नयेत. समोरचे डावे-उजवे, चांगला सेंटर आणि एक सबवूफर एवढ्यावर थांबावे. मागचे दोन पुढच्या वर्षी येतील, रिसीव्हरमध्ये त्यांची जागा राखलेली असतेच. सेंटर त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतला घ्यावा, नाहीतर एकाच माणसाचा आवाज चालता चालता बदलतो. एकाच थानात दोन रंगघाण्यांचा माल निघावा तसे ते वाटते. त्याचे तोंड बसलेल्या माणसाच्या कानाकडे असावे. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवता येते आणि रात्रीसाठी मोठा-लहान आवाज जवळ आणणारी सोय असते. या दोन गोष्टी फुकट आहेत आणि दुकानदार त्या क्वचितच दाखवतो.

दुकानात ऐकताना धमाक्याची डिस्क लावू देऊ नये. बातम्या लावायला सांगाव्यात, ओळखीच्या निवेदकाचा आवाज ऐकावा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर न्यावे. लाजायचे कारण नाही, कापड घेताना आपण घडी मोडून पाहतोच ना.

खोलीविषयी कोणी बोलत नाही आणि इथे मात्र मला बोलण्याचा थोडा अधिकार आहे. आपल्या बैठकीत गुळगुळीत फरशी, गिलाव्याच्या भिंती, काचेचे शोकेस. गिलाव्याची भिंत आपल्यावर पडलेल्या आवाजाचा जेमतेम दोन-तीन टक्के भाग शोषते, बाकी सगळा परत फेकते. एक शब्द संपण्याआधी त्याचा घुमारा दुसऱ्यावर चढतो. मग मुले आवाज वाढवतात आणि घुमाराही वाढतो. यावर उपाय कापडाचा आहे. सुमारे ३४० ग्रॅम प्रति चौरस मीटरचा पडदा ताणून सपाट लावला तर मधल्या, म्हणजे ५०० हर्ट्झच्या सुरात तो ११ टक्क्यांच्या आसपास आवाज शोषतो. सुमारे ६१० ग्रॅमचा जाड मखमली पडदा दुप्पट पन्हा घेऊन चुणीदार लावला तर तोच आकडा ५५ टक्क्यांवर जातो आणि वरच्या सुरांत ७० च्या घरात. म्हणजे सहा फुटांच्या खिडकीला बारा फूट कापड. चुण्यांत कंजुषी केली तर जाडीचा पैसा वाया जातो. पडदा भिंतीपासून चार-सहा इंच सुटा ठेवला तर आणखी फायदा. खालच्या, १२५ हर्ट्झच्या सुरात मात्र हाच जाड पडदासुद्धा १५ टक्क्यांपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा सबवूफरची गुरगुर पडद्याने जाईल ही आशा ठेवू नये. त्यासाठी सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढून चार जागी ठेवून पाहावा लागतो. फरशीवर सतरंजी किंवा गालिचा हवाच.

(मी पडदे विकतो म्हणून हे लिहितो, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या, सतरंजी मी विकत नाही.)

यात आपल्या कारागिरांसाठी धंद्याचीही गोष्ट आहे. शहरांतले लोक भिंतीवर आवाज शोषणारे तक्ते लावतात आणि त्यासाठी भारी किंमत मोजतात. त्या तक्त्यात असते काय? लाकडी चौकट, दोन इंच जाडीचे रॉकवूल आणि वर सैल विणीचे कापड. सुतार आपला, माग आपला, शिलाई आपली. कापड फुंकर मारली तर पलीकडे जाईल इतके मोकळ्या विणीचे हवे, दोसुतीसारखे. हीच फुंकरीची परीक्षा स्पीकरच्या तोंडावरच्या कापडालाही लावावी. फाटले म्हणून घरातले गर्द सूटिंग ताणून लावणारे मी पाहिलेले आहेत, मग ते म्हणतात स्पीकर बसला. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि तोंडाला फडके बांधायला विसरू नये.

पैसे कशावर जास्त घालावेत? रिसीव्हर हा दरवर्षी जुना होणारा माल आहे. टीव्हीचा आवाज एकाच तारेने परत आणणारी एआरसी सोय २००९ मध्ये आली, तिची सुधारलेली ईएआरसी २०१७ मध्ये जाहीर झाली. छतातून आवाज देणारे डॉल्बी ॲटमॉस चित्रपटगृहात २०१२ मध्ये आणि घरांत २०१४ मध्ये आले. कंपन्याही टिकत नाहीत. जपानमधील ओंक्योची घरगुती ऑडिओ कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि नाव दुसऱ्यांच्या मालावर चालू राहिले. डेनॉन आणि मारांट्झ २०२५ मध्ये हार्मनच्या ताब्यात गेले. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्यावरही त्यांचे शिक्के कापडावर फिरत राहिले, ते आठवते. स्पीकरला मात्र पन्नास वर्षांपूर्वी एक लाल आणि एक काळे टोक होते आणि आजही तेच आहे. म्हणून एक लाख रुपये असतील तर मी रिसीव्हरला ३५ हजारांच्या वर जाणार नाही. तीन स्पीकरना ४० हजार, सबवूफरला २०, उरलेले तारा आणि पडद्यांना. जो घरात मोबाइल कंपन्यांच्या ॲपवरचेच सिनेमे पाहतो त्याला साधी एआरसीही पुरते, सर्वांत वरच्या मॉडेलची गरज नाही. बंद खोक्यातल्या संचाला माझा विरोध यासाठी, की त्यातल्या स्पीकरची टोके बहुधा वेगळ्याच घाटाची असतात. एक भाग बिघडला की सगळे भंगारात.

घरात जुने मोठे स्पीकर असतील तर ते भंगारवाल्याला देण्याआधी तपासावेत. बऱ्याचदा फक्त कागदी कोनभोवतीची फोमची कड दहा-वीस वर्षांत कुजून झडलेली असते, चुंबक आणि पेटी ठणठणीत असते. ही कड बदलणारे कारागीर मुंबईत आणि इतर शहरांत अजून आहेत. रबराची कड लावून घेतली तर दमट हवेत जास्त टिकते. घरी आणल्यावर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टोकांना लावून पाहावा. सेलचे धन टोक लालला लावले की कोन बाहेर यायला हवा. एक बाहेर आणि दुसरा आत जात असेल तर तारा उलट्या आहेत, आणि मग खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. तार घेताना एक धागा चाकूने खरवडावा. आतून पांढरा निघाला तर तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे. दीड चौरस मिलिमीटरची खरी तांब्याची साधी तार घरासाठी पुरेशी आहे. रिसीव्हर ज्या घरात माग शेजारीच आहे तिथे रुईच्या तंतूंपासून जपावा. वरची जाळी मोकळी ठेवून महिन्याला ब्रशने झाडावी, आणि वीज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर लावावा.

हप्त्यांविषयी एक शब्द. "विनाखर्च हप्ता" असे जिथे लिहिलेले असते तिथे व्याज बहुधा किमतीत मिसळलेले असते किंवा रोखीची सूट काढून घेऊन भरलेले असते. वर प्रक्रियाशुल्क आणि कार्डावरील व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे. ज्यांना व्याज द्यायचेच नाही त्यांनी तर हे नीट विचारून घ्यावे. रोखीने किती, हा प्रश्न आधी आणि हप्त्याचा मागाहून. पक्के बिल मात्र सोडू नये, बिलाशिवाय स्वस्तात मिळालेल्या परदेशी मालाला इथली कंपनी हात लावत नाही.

त्या स्नेह्यांनी नवा रिसीव्हर घेतला नाही. मागचे चार स्पीकर एका ओळखीच्या माणसाला विकून त्या पैशात एक चांगला सेंटर आणला, तो शोकेसमधून काढून टीव्हीच्या खाली तिरपा बसवला, सबवूफर कमी केला आणि दोन खिडक्यांना जाड पडदे लावले. अब्बांच्या कानाला यंत्रही लागले. आता रात्रीच्या बातम्या ते बैठकीतच बसून ऐकतात आणि निवेदकाशी भांडतातही. पडद्यांचे पैसे अजून यायचे आहेत.