सीपी खुर्ची मिळाली, पण मुलाच्या मापाची आहे का?

आपल्या मुलाला तीव्र सेरेब्रल पाल्सी असेल, तर मांडीवर धरून भरवणे ही रोजचीच कसरत असते. मान न सावरणाऱ्या मुलाला आडवे ठेवून भरवल्यास घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. डोके, पाठ, कंबर आणि पावलांना आधार देणारी खुर्ची अशा मुलासाठी औषधाइतकीच गरजेची आहे.

ही खुर्ची केंद्र शासनाच्या एडिप योजनेतून मिळू शकते. कानपूरची सरकारी कंपनी अलिम्को ती तयार करते. मुलाचे दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावे. २०२२ पासून लागू झालेल्या मर्यादेनुसार पालकांचे मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास पूर्ण आणि ३०,००० रुपयांपर्यंत असल्यास निम्मे साहाय्य मिळते.

अडचण पुढे येते. तपासणी शिबिरात माप घेतले जाते आणि खुर्ची नंतरच्या वाटप शिबिरात मिळते. मधल्या काळात मूल वाढते. खुर्ची मापात नसेल, तर मूल घसरते, एका बाजूला कलते, रडते आणि शेवटी खुर्ची कोपऱ्यात जाते. योजनेच्या पूर्ण नावात साधनांच्या ‘खरेदी’बरोबर ‘बसवणी’ हा शब्दही आहे. त्यामुळे खुर्ची मापाने बसवून मागताना संकोच करू नका.

खुर्ची घेताना मुलाला त्यात बसवूनच पाहा:

• कंबर मागे टेकते का? पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या वरच्या भागावर येतो का?
• बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन बोटांचे अंतर राहते का?
• पावले पायफळीवर पूर्ण टेकतात का?
• डोके पुढे न पडता आधारावर राहते का?

एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तिथल्या तज्ज्ञांकडून खुर्ची जुळवून घ्या.

मूल वाढल्यावर काय? तेच साधन पुन्हा मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षे थांबावे लागते. १२ वर्षांखालील मुलांसाठी मात्र ही अट एकच वर्षाची आहे. नवी खुर्ची आपोआप येत नाही. अर्ज पुन्हा करावा लागतो, म्हणून पहिल्या वाटपाची पावती जपून ठेवा.

भिलाईकरांनी शिबिराची चौकशी दुर्ग येथील समाज कल्याण विभागाच्या जिल्हा कार्यालयात करावी. सोबत यूडीआयडी कार्ड किंवा दिव्यांगत्व प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा आणि छायाचित्र न्यावे. शेजारच्या राजनांदगाव येथे दिव्यांगांसाठी केंद्र शासनाचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र, म्हणजेच सीआरसी, आहे. मुलाला कसे बसवावे याचा सल्ला तिथल्या थेरपिस्टकडून घेता येईल.

घरी आधीच आलेली खुर्ची वापराविना पडून असेल, तर वरील चार प्रश्न आजच तपासून पाहा.