जुनी झाली म्हणजे नक्की काय झालं?

आमच्या बाबांची गाडी २०१० सालची. छोटी पेट्रोल हॅचबॅक. ती साताऱ्याला घरी आली तेव्हा मी आठवीत होतो, आणि नुसतं आत बसून हॉर्न वाजवल्याबद्दल भरपूर बोलणी खाल्ली होती. असो.

तर या गाडीच्या एसीला दोनेक वर्षं एक विचित्र रोग जडला होता. हवा गार यायची, भरपूर यायची, पण तोंडावर यायचीच नाही. नॉब कुठेही फिरवा, सगळी हवा समोरच्या काचेवर आणि उरलीसुरली पायांवर. आईचे गुडघे गारठलेले आणि बाबांच्या कपाळावर घाम! विचारलं की बाबांचं उत्तर ठरलेलं, "जुनी झाली रे आता."

एका गॅरेजवाल्याने गॅस भरून दिला. दोन हजार रुपये गेले, काच आणखी गार झाली. दुसरा म्हणाला, "डॅशबोर्ड उतरवावा लागेल, आतलं युनिटच बदलू, चौदा हजार धरून चाला. त्यापेक्षा गाडीच बदला की काका." आणि मी? दोन मीटिंगांच्या मधल्या पाच मिनिटांत फोनवरून सल्ला दिला, "बाबा, पुढच्या वर्षी पंधरा वर्षं होतील. परत पासिंग, ग्रीन टॅक्स, कशाला डोक्याला ताप? विकून टाका."

मग २०२४ चा जुलै आला. आई-बाबा पुण्याला आले होते, परत जाताना मीही बरोबर निघालो. खंबाटकी घाटात पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. पाऊस थांबलेला, पण ढग पार रस्त्यावर उतरलेले. आणि समोरची काच हळूहळू पांढरी व्हायला लागली. बाबा स्टिअरिंगवर पुढे झुकून डोळे बारीक करून चालवत होते. समोरच्या ट्रकचे लाल दिवे नुसते फिसकटलेले. बाबा म्हणाले, "आता माझ्याच्याने रात्रीचं होत नाही. दिसतच नाही नीट."

हे वाक्य मी आधीही फोनवर ऐकलं होतं. म्हणूनच त्यांच्या पुण्याच्या फेऱ्या कमी झाल्या होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते, नंबर तोच होता. तरी आम्ही सगळ्यांनी मनात एकच निकाल लावला होता: वय झालं.

मी फडक्याने काच आतून पुसली. ढिम्म फरक नाही. बाबांना म्हटलं, वायपर मारा. एका फेरीत काच स्वच्छ! दोन मिनिटांत परत पांढरी. म्हणजे वाफ काचेच्या बाहेर धरत होती. फ्रिजमधली बाटली ओट्यावर ठेवली की बाहेरून घामेजते ना, अगदी तसं. आमची गार हवा रात्रंदिवस काचेवर आपटत होती, काच गार झाली की बाहेरची दमट हवा तिच्यावर पाणी सोडत होती. एसी बंद करावा तर माणसांच्या श्वासाने काच आतून धुरकट. एसीची कोरडी हवा आत तर हवी, पण काचेवर नको. आणि नेमकं तेच आमच्या नॉबला जमत नव्हतं.

बाबांच्या डोळ्यांत काही नव्हतं. माझा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला असणार.

दुसऱ्या दिवशी रविवार. चहा घेतला आणि टॉर्च घेऊन बसलो. आता बघा, एसीची तीन कामं: हवा गार करणं, ती जोरात ढकलणं आणि योग्य जागी पाठवणं. हवा गार, म्हणजे गॅस आणि कॉम्प्रेसर ठीक. जोर चांगला, म्हणजे ब्लोअर ठीक. उरली फक्त दिशा. म्हणजे ते दोन हजार भलत्याच आजाराच्या औषधाला गेले!

दिशेचं काम अगदी साधं असतं. डॅशबोर्डच्या मागे प्लॅस्टिकचा एक मोठा डबा असतो, त्यात झडपा. जुन्या साध्या गाड्यांत नॉबपासून या झडपांच्या पट्टीपर्यंत एक वायर जाते, सायकलच्या ब्रेकसारखी. आत तार, वर आवरण. हे आवरण एका क्लिपने डब्याला घट्ट धरलेलं असतं. ती क्लिप सुटली की नॉब फिरवल्यावर तारेबरोबर आवरणही सरकतं आणि पट्टी जेमतेम हलते. नॉब "तोंडावर" म्हणतो, झडप काचेवरच अडकलेली. नॉब नेहमीपेक्षा हलका फिरतो, ही त्याची खूण.

ग्लोव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी दाबून खाली घेतला. आईला म्हटलं, तू नॉब फिरव. मी वाकून टॉर्च मारला, आणि तुटकी क्लिप समोरच! नॉब एका टोकाला नेला, पट्टी बोटाने त्याच टोकाला सरकवली, आवरण जागेवर बसवून झिप टायने आवळलं. चाळीस मिनिटं लागली, त्यातली तीस मान वाकडी करून शोधण्यात. खर्च जवळपास शून्य.

(करून बघणार असाल तर: ही पट्टी काही गाड्यांत ड्रायव्हरच्या पायांच्या बाजूला असते. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या असू शकतात, त्यांना हात लावू नका. ऑटोमॅटिक एसीत तारेऐवजी छोटी मोटर असते. डॅशबोर्डमागे टकटक आवाज येत असेल तर बहुधा तिची गिअरची दाती गेलेली असतात. तिथे पार्ट बदलावाच लागतो, पण सगळं युनिट नव्हे.)

एक मित्र म्हणाला, तुझ्या तासाच्या रेटने हिशोब केलास तर गॅरेजच स्वस्त पडलं असतं. पटलं असतं, गॅरेजने रोग ओळखला असता तर. पण गॅरेजवाल्याला तरी किती नावं ठेवायची? अर्धा तास टॉर्च घेऊन वाकून बघण्याचे पैसे आपण आनंदाने देतो का? बिलात पार्ट दिसला की आपल्याला काम झाल्यासारखं वाटतं. मग तो पार्टच विकणार.

आणि आम्ही आयटीवाले काय वेगळे आहोत? जुना कोड वाचायचा कंटाळा आला की "लेगसी आहे, परत लिहू." मी स्वतः एक मॉड्यूल नव्याने लिहायचा प्रस्ताव दिला होता. शेवटी चूक निघाली एका कॉन्फिगमधल्या टाइमझोनची. 

माझं म्हणणं एवढंच आहे की "जुनी झाली" हे निदान नाही. ते न बघण्याचं कारण आहे. जुन्या गोष्टी खरंच झिजतात, काही बदलाव्याच लागतात. पण नेमकं काय झिजलंय हे सांगता येत नसेल, तर आपण अजून बघितलेलंच नाही. गाडीबाबत ही चूक चौदा हजारांना पडते. माणसाबाबत काय पडते, ते मी घाटात बघितलं. दीड वर्ष बाबा स्वतःला म्हातारे समजून घरी बसले होते, आणि मी फोनवर हो म्हणत होतो.

२०२५ मध्ये गाडीचं पासिंग झालं, आणखी पाच वर्षांसाठी. झिप टाय अजून शाबूत आहे. बाबा रात्रीचं चालवणं अजूनही टाळतातच, पण आता पावसाळी संध्याकाळीही येतात. परवा आले तेव्हा चप्पल काढता काढता म्हणाले, "काच एकदम क्लिअर होती रे."