कार्ड पर्समध्ये, पैसे चीनमध्ये!

‘अरे, कार्ड तर माझ्या पर्समध्येच होतं!’ असं कळवळून सांगणारं कुणीतरी प्रत्येक ग्रुपमध्ये असतंच. आणि त्याला ऐकवणारे दहा जण. पिन कुणाला सांगितलास? कुठल्या लिंकवर क्लिक केलंस? ज्याचे पैसे गेले, त्यालाच आधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची आपली सवयच आहे. म्हणूनच मला २०१६चा किस्सा सांगावासा वाटतो.

त्या वर्षी काही बँकांकडे अजब तक्रारी यायला लागल्या. खातेदार भारतात, कार्ड खिशात आणि पैसे निघतायत चीन-अमेरिकेत! आता माहिती चोरली कुठून, हे शोधायचं कसं?

ट्रिक तशी साधी आहे. लग्नाचं जेवण जेवून पन्नास जणांची पोटं बिघडली की डॉक्टर पहिलं काय विचारतात? काय काय खाल्लंत? सगळ्यांच्या ताटात बासुंदी निघाली की संशय तिच्यावर. बँकाही तेच करतात. फ्रॉड झालेल्या कार्डांचे मागचे काही महिन्यांचे व्यवहार शेजारी-शेजारी मांडायचे आणि ही सगळी कार्डं कुठे वापरली गेली होती, ते बघायचं. याला म्हणतात ‘कॉमन पॉइंट ऑफ परचेस’. अर्थात, स्टेशनबाहेरचं गर्दीचं एटीएम कुणाच्याही यादीत सापडणारच. म्हणून उलटतपासणीही होते. तिथे वापरलेल्या बाकीच्या कार्डांमध्येही फ्रॉड जास्त आहेत का?

२०१६चा माग पोचला हिताची पेमेंट सर्व्हिसेस या कंपनीपर्यंत. येस बँकेच्या एटीएमचं काम ही कंपनी बघायची. आधीच्या अंतरिम अहवालात काहीच सापडलं नव्हतं. शेवटी फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनीने मान्य केलं, की आपल्या सिस्टिममध्ये मालवेअर शिरलं होतं आणि त्याने स्वतःच्या पाऊलखुणाही पुसल्या होत्या. म्हणजे कार्डधारकांची चूक शून्य!

पण मला सगळ्यात भारी वाटतात ते आकडे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ऑक्टोबर २०१६ मध्ये सांगितलं, की १९ बँकांच्या ६४१ ग्राहकांचे मिळून १.३ कोटी रुपये गेले. आणि धोक्यात होती तब्बल ३२ लाख कार्डं! मूठभर लोकांनी बोंब मारली, म्हणून लाखो कार्डं वेळेत ब्लॉक झाली किंवा त्यांचे पिन बदलले गेले.

माझ्या एका मैत्रिणीच्या खात्यातून मध्यंतरी दोनशे रुपये गायब झाले. ‘जाऊ दे गं, एका कॉफीचे पैसे,’ ती म्हणाली. नाही, जाऊ द्यायचं नाही! चोरलेलं कार्ड चालतंय का, हे बघायला चोर आधी असाच छोटा व्यवहार करतात. शिवाय, जुलै २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला, की चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर एक पैचाही भुर्दंड नाही.

तेव्हा अनोळखी व्यवहाराचा एसएमएस दिसला की लाजू नका, लगेच बँकेला फोन लावा, १९३० वर तक्रार करा. कोण जाणे, चोराचं बिळ दाखवणारा नेमका धागा तुमच्याच स्टेटमेंटमध्ये असेल!