गर्भाची नजरअंदाज आणेवारी

माण-खटाव किंवा जत-आटपाडीकडील शेतकऱ्यास आणेवारी म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. पीक शेतात उभे असतानाच महसूल खात्याचे अंमलदार पिकाच्या उताऱ्याचा जो आकडा लिहितात तो नजरअंदाज, आणि पीककापणीनंतर ठरतो तो अखेरचा, हा भेद दुष्काळाच्या सवलतींपायी त्याने पिढ्यान्‌पिढ्या जाणला आहे. पण त्याचीच लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येऊन साताऱ्याच्या वा सांगलीच्या सोनोग्राफी केंद्रातून ‘अंदाजे वजन २४८० ग्रॅम’ असा अहवाल घेऊन परतली, की तो आकडा घरात कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा वाचला जातो आणि आजी तिच्या भातावर तूप अधिक वाढू लागते.

वस्तुतः त्या यंत्रात तराजू नाहीच. गर्भाच्या मस्तकाची रुंदी व घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी ही मापे बहुधा टेक्सासच्या हॅडलॉक प्रभृतींनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या सूत्रात घालून वजनाचे अनुमान काढतात. आणि दिवस भरत आल्यावर मस्तक कटिरात उतरलेले व गर्भजल उणावलेले असताना ही मापे घेणे जिकिरीचे होते. त्यामुळे हे अनुमान आणि जन्मल्यावरचे खरे वजन यांत पडणारे १५ टक्क्यांपर्यंतचे अंतर ही तज्ज्ञाची कसूर नव्हे, त्या रीतीचीच मर्यादा होय. म्हणजे २४८० ग्रॅमचे बालक २१०८ चे निघेल किंवा २८५२ चे, आणि कमी वजनाची २५०० ग्रॅमची सीमा तर त्यांच्या मधोमधच पडते! शिवाय पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जवळच्या खेड्यांतील अभ्यासातून दाखविल्याप्रमाणे आपली नवजात बालके युरोपीय बालकांहून वजनाने उणी असूनही चरबी मात्र त्या मानाने राखून असतात. तेव्हा टेक्सासच्या मातांवरून बेतलेले सूत्र त्यांना तंतोतंत लागू पडावे, ही अपेक्षाच धाडसाची.

म्हणून ही तपासणी निरुपयोगी ठरत नाही. काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन मापांतून वाढ खुंटल्याचे कळते, आणि मधुमेही मातेच्या बाबतीत मोठ्या बाळाची पूर्वसूचना मोलाचीच असते. परंतु अन्य कारण नसताना केवळ या एका आकड्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय होऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, ही पाटी प्रत्येक केंद्रात कायद्याने लागलेली आहेच. तिच्या शेजारी सातारा-सांगलीच्या डॉक्टरांनी स्वखुशीने दुसरी लावावी आणि अहवालातही मराठीत लिहावे, की हे वजन अंदाजाचे असून त्यात शेकडा पंधरापर्यंत कमीजास्त होऊ शकते.