चिमणीला दोन हात माती हवी

उन्हाळा लागला की जुळे सोलापुरात गच्च्यांवर, कुंपणाच्या भिंतींवर पाण्याची भांडी दिसू लागतात. ही माया खरी आहे. पण आपण पाखरांची तहान ओळखली, आंघोळ ओळखली नाही. पूर्ण वाढलेले पीस आपल्या नखासारखे निर्जीव असते. ते मोडले तर सांधत नाही, पीसझड होऊन नवे येईपर्यंत त्यावरच भागवायचे. म्हणून चिमणी दिवसातून कितीदा तरी पिसे विंचरत बसते. पिसाचे तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांत गुंतलेले असतात. ते सुटले की ती एकेक पीस चोचीत धरून मुळापासून टोकापर्यंत ओढते आणि आकडे पुन्हा बसतात. शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते, तिथले तेल ती चोचीने अंगभर लावते. जास्तीचे तेल निघायला मात्र कोरडी माती लागते. त्यासाठी ती खळगा करून त्यात लोळते, धूळ पिसांत भरते आणि झटकून टाकते.

ही चैन नव्हे. ज्याच्यासाठी १९७९ साली नान्नजला अभयारण्य झाले, त्या माळढोकाला तेलाची गाठच नसते. त्याची भिस्त मातीवर. पाण्याचेही तसेच. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आंघोळीला पाणी न मिळालेले युरोपी स्टारलिंग, म्हणजे आपल्या साळुंकीचे भाऊबंद, जीव वाचवायला उडताना वाटेतल्या दोऱ्यांना जास्त धडकले. गल्लीतल्या मांजरापुढे अशी एक चूकही पुरते.

अंगणात कोबा किंवा पेव्हर ब्लॉक घालणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही: माती ठेवली की घरात धूळ, पावसाळ्यात चिखल. पण सगळे अंगण कोण मागतो? वळचणीखालची, पावसात न भिजणारी दोन हात जागा पुरे. पाखरे माळावर जातील म्हणावे, तर चिमणी घरट्यापासून फार लांब जाणारी नव्हे. डासांची भीती रास्त आहे, पण रोज पाणी ओतून भांडे घासले तर अळ्या वाढायला वेळच मिळत नाही. भांडे उथळ हवे, बोटभर पाण्याचे. खोल गाडग्यात चिमणीला न्हाता येत नाही. यंदा अंगणाचे काम काढणार असाल, तर गवंड्याला तेवढा कोपरा मोकळा सोडायला सांगा.